सेटल्ड, क्लोज्ड की दुरुस्त? ५९० रुपयांच्या फीने अडवलेलं गृहकर्ज

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दोन वर्षांपूर्वी नागपुरात बर्डीवरच्या मॉलमध्ये स्टॉल लावून बसलेल्या मुलाने ‘आजीवन मोफत’ म्हणून एक क्रेडिट कार्ड तुमच्या गळ्यात मारलं. तुम्ही ते एकदाही वापरलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यावर ५९० रुपये वार्षिक फी लागली. तुम्ही कस्टमर केअरला फोनवर ‘मी देणार नाही’ असं सांगितलंत आणि विषय संपला असं समजलात. आठ महिन्यांनी बेसा भागातल्या फ्लॅटसाठी ४० लाखांचं गृहकर्ज नाकारलं गेलं, तेव्हा कळलं की क्रेडिट स्कोअर ७८२ वरून ६४१ वर आलाय आणि त्या कार्डावर ५,४०० रुपये थकबाकी दिसतेय. वसुलीवाला म्हणतो, २,००० भरा, मिटवून टाकू. सदरमधले एक ‘कन्सल्टंट’ म्हणतात, ८,००० द्या, महिन्याभरात स्कोअर ७५० करून देतो. बिल्डरने ४५ दिवसांची मुदत दिली आहे.

वसुलीवाल्याचे २,००० आज भरू नका. सदरच्या कन्सल्टंटला कधीच काही देऊ नका. ही दोन उत्तरं परिस्थितीवर अवलंबून नाहीत. बाकीची बरीच आहेत.

तुम्ही विचारलंय ‘स्कोअर कसा वाढवू?’ पण स्कोअर हा नुसता आकडा आहे, तो नोंदींवरून निघतो. तुमचं बाकी सगळं नीट आहे: दोन जुनी कार्डं, एक बाइक लोन, एकही हप्ता चुकलेला नाही. म्हणजे १४१ गुण एकाच खात्याच्या नोंदीने खाल्ले. त्यामुळे हे खाते शेवटी कोणत्या शब्दाने संपतं, यावर सगळं ठरणार आहे. ‘सेटल्ड’ म्हणून संपलं तर एक निकाल, ‘क्लोज्ड’ म्हणून संपलं तर दुसरा, आणि बँकेने फी चुकीची होती असं मान्य करून मागच्या महिन्यांच्या नोंदी दुरुस्त केल्या तर तिसराच. २,००० भरायचे की ५,४००, हा प्रश्न त्यापुढे किरकोळ आहे. ४० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाला व्याज ८ ऐवजी साडेआठ टक्के लागलं तर हप्ता ३३,४५८ वरून ३४,७१३ होतो. महिन्याला १,२५५ रुपये, पूर्ण मुदतीत तीन लाखांच्या वर. वसुलीवाल्याने देऊ केलेली ३,४०० रुपयांची ‘सूट’ या हिशोबात ठेवून बघा.

आता ५९० चे ५,४०० कसे झाले ते बघू, कारण तक्रारीत हेच मांडायचं आहे. ५०० रुपये फी आणि १८ टक्के जीएसटी म्हणजे ५९०. देय तारीख चुकली की पुढच्या बिलात लेट फी येते. बहुतेक बँकांच्या तक्त्यात एवढ्या थकबाकीला ५०० च्या आसपास लेट फी असते, तिच्यावर पुन्हा जीएसटी, म्हणजे आणखी ५९०. फीचं एक बिल आणि लेट फीची सात मिळून आठ झाले: ४,७२०. उरतात ६८०. हे बहुधा व्याज आहे. दरमहा साडेतीन टक्के दराने वाढत्या थकबाकीवर सात महिन्यांचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी काढला तर आकडा नेमका ६८० च्या जवळ जातो. म्हणजे कार्डाने एका रुपयाची खरेदी केली नसताना फीवर, लेट फीवर आणि जीएसटीवर व्याज लागलंय. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डाचे नियम इथे स्पष्ट आहेत: न भरलेले चार्जेस आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचं नाही. तुमची बिलं काढून हा हिशोब स्वतः पडताळा. आकडे जुळले तर फी बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवूनही एवढा भाग बँकेला परत घ्यावा लागेल. शिवाय हिशोब मांडलेली तक्रार आली की तिकडचा माणूस छापील उत्तर पाठवायला कचरतो.

एक सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच: ‘३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज बेकायदा आहे असं लिही.’ लिहू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा तो २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. दराच्या मुद्द्यावर भांडलात तर मूळ मुद्दा पातळ होतो.

पुढचं पाऊल: पूर्ण क्रेडिट रिपोर्ट काढा. अ‍ॅपवर स्कोअरचा काटा फिरताना दिसतो त्याला रिपोर्ट म्हणत नाहीत. देशात कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही काढा. आपण बोलताना सगळ्यालाच ‘सिबिल’ म्हणतो, पण पुढची बँक नेमका कुणाचा रिपोर्ट ओढेल हे तुमच्या हातात नाही, आणि एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहिल्याचं सर्रास दिसतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्याने स्कोअर कमी होत नाही. कर्जासाठी अर्ज केला की बँक जी चौकशी करते तिचा परिणाम होतो.

रिपोर्टमध्ये त्या कार्डाच्या खात्यावर जा आणि चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या. पहिली, खात्याची स्थिती. दुसरी, थकीत रक्कम. तिसरी, माहिती शेवटची कधी कळवली ती तारीख. ही दोन महिने जुनी असेल तर बँक आज काय म्हणते आणि रिपोर्ट काय म्हणतो यात फरक असू शकतो. चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, महिन्यागणिक चौकटींची ओळ, जिला डीपीडी म्हणतात. देय तारखेनंतर किती दिवस उलटले ते तिथे लिहिलेलं असतं. ‘०००’ किंवा ‘एसटीडी’ म्हणजे चोख. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहितीच आली नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ३०, ६०, ९० असे चढते आकडे म्हणजे थकबाकी. ही ओळ ३६ महिने मागची दाखवते आणि गृहकर्जाचा क्रेडिट मॅनेजर आधी तिथेच बोट ठेवतो.

तुमच्या बाबतीत आठ महिने म्हणजे आकडा १८० च्या पुढे गेलेला असू शकतो. तसं असेल तर स्थितीच्या रकान्यात ‘रिटन ऑफ’ आलंय का ते नीट बघा. एवढी जुनी कार्डाची थकबाकी बँका बहुधा बुडीत खात्यात टाकतात. राइट-ऑफ म्हणजे माफी असा समज पक्का बसलेला आहे. ती बँकेच्या वहीतली सोय आहे. देणं कायम राहतं, वसुली चालू राहते आणि रिपोर्टवर डाग बसतो तो वेगळाच.

आता त्या तीन शब्दांकडे. बँकेने ठरलेल्या देण्यापेक्षा कमी घेऊन खाते मिटवलं की ‘सेटल्ड’ लागतं, आधीच राइट-ऑफ झालं असेल तर ‘पोस्ट राइट-ऑफ सेटल्ड’. याचा अर्थ पुढच्या सावकाराला एवढाच कळतो की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत आणि बँकेला पाणी सोडावं लागलं. रक्कम ५,४०० होती की पाच लाख, हे बघण्याआधी बऱ्याच बँकांची यंत्रणा अर्ज बाजूला काढते. वसुलीवाल्याला कमिशन आलेल्या पैशावर मिळतं, तुमच्या गृहकर्जाशी त्याला काय देणंघेणं? त्यामुळे तो ‘मिटवून टाकू’ म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो. त्याच्या बाजूने खरंच मिटतं. पूर्ण रक्कम भरून खाते बंद केलं तर ‘क्लोज्ड’ लागतं आणि थकीत रक्कम शून्य होते. हे सेटल्डपेक्षा खूप चांगलं, पण डीपीडीच्या ओळीतले ३०, ६०, ९० तिथेच राहतात आणि काळाबरोबर मागे सरकतात. तिसरा मार्ग दुरुस्तीचा. फी लावायलाच नको होती असं बँकेने मान्य केलं, तर त्या महिन्यांमध्ये उशीर झालाच नव्हता. मग चौकटी मागे जाऊन ‘०००’ कराव्या लागतात. बँका अनेकदा ‘सद्भावना म्हणून चार्जेस माफ करत आहोत’ असं लिहितात, शून्याचं बिल पाठवतात आणि चौकटींना हात लावत नाहीत. सद्भावनेने केलेल्या माफीत चूक मान्य केलेली नसते, म्हणून नोंद बदलायची जबाबदारीही त्यांच्यावर येत नाही. उत्तरात ‘चार्जेस चुकीने लागले, परत घेतले, आणि अमुक महिन्यापासूनची क्रेडिट माहिती दुरुस्त करून चारही कंपन्यांना पाठवली’ हे शब्द हवेत. माफीचं पत्र आलं आणि हे वाक्य नसलं, तर त्याच दिवशी उलट लिहून ते मागा.

फी खरंच चुकीची होती का? इथे सगळं तुमच्या कागदांवर आहे, आणि प्रश्नात तुम्ही हे सांगितलेलं नाही. कार्ड ‘अ‍ॅक्टिव्हेट’ केलं होतं का? पिन बनवला, अ‍ॅपमध्ये जोडलं, ऑनलाइन व्यवहार सुरू केले, असं काही? ३० दिवसांत ग्राहकाने कार्ड सुरू केलं नाही तर बँकेने ओटीपीने संमती मागायची आणि संमती आली नाही तर सात कामाच्या दिवसांत, कुठलाही खर्च न लावता ते बंद करायचं, असा नियम आहे. सुरूच न झालेल्या कार्डाची माहिती क्रेडिट कंपन्यांना कळवायचीही नसते. तुम्ही ओटीपी दिलाच नसेल तर तुमची बाजू इतकी भक्कम आहे की बाकीचं वाचायचीही गरज नाही, थेट याच मुद्द्यावर तक्रार करा. पण मॉलमध्ये त्या मुलाने ‘सर, एक ओटीपी येईल’ म्हणून दोन-तीन ओटीपी घेतले असतील, तर त्यातला एखादा संमतीचा निघू शकतो. जुने एसएमएस शोधा, ओटीपीच्या संदेशात तो कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं.

कार्ड सुरू होतं असं धरलं तर दुसरा प्रश्न: ‘आजीवन मोफत’ कुठे लिहिलंय? तोंडी शब्दाचा पुरावा नाही. अर्जासोबत एक पानाचं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं, त्यात व्याजदर आणि सगळे चार्जेस असतात. कार्डाच्या पाकिटात किंवा वेलकम ईमेलमध्ये एमआयटीसी नावाचं शर्तींचं पुस्तक असतं. त्यात ‘पहिलं वर्ष मोफत, त्यानंतर वर्षाला अमुक खर्च केला तर माफ’ असं असेल, आणि मॉलमधल्या मोफत कार्डांचं बहुतेक वेळा असंच असतं, तर फी नियमाने लागली आहे. मग विकणाऱ्याने दिशाभूल केली हा वाद उरतो, तो खरा असला तरी लांब चालतो. ‘लाइफटाइम फ्री’ असं कुठेही छापील, एसएमएसमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सापडलं तर चित्र उलटं. मोफत म्हणून दिलेल्या कार्डावर छुपे चार्जेस लावता येत नाहीत, आणि शर्ती बदलायच्या असतील तर किमान एक महिना आधी कळवावं लागतं.

आणखी एक मुद्दा बँकेला गैरसोयीचा आहे. वर्षभराहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड असेल तर बँकेने ग्राहकाला कळवून बंद करण्याची प्रक्रिया सुरू करायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर बंद करायचं. थकबाकी असेल तर ती आधी भरावी लागते, म्हणून तारखा तपासा. वापराविना वर्ष आधी पूर्ण झालं की फी आधी लागली? फीच्या तारखेआधी वर्ष उलटलं असेल तर ‘तेव्हाच बंद करण्याची सूचना का दिली नाही’ हे विचारता येतं. थकबाकीदार म्हणून कळवण्याआधीही बँकेने तुम्हाला सूचना द्यायची असते. तिची प्रत मागा. मात्र घर बदललं आणि बँकेत जुनाच पत्ता किंवा बंद झालेला ईमेल राहिला असेल, तर ‘मला कळलंच नाही’ हे म्हणणं टिकायला कठीण जातं.

आता ४५ दिवसांचा हिशोब. बँकेकडे तक्रार, ३० दिवस वाट, मग रिझर्व्ह बँकेचे लोकपाल, असा सरळ रस्ता धरला तर मुदत संपून जाईल. म्हणून माझं मत असं: पहिले दहा दिवस तक्रारीला द्या. कागद भक्कम असतील, म्हणजे कार्ड सुरूच नव्हतं किंवा ‘आजीवन मोफत’ लेखी आहे, तर बिल्डरकडून थोडी मुदत वाढवून घ्या आणि दुरुस्तीच्या मागे लागा. कागद अर्धवट असतील आणि फ्लॅट हातचा जाऊ द्यायचा नसेल, तर पूर्ण रक्कम ‘हरकत नोंदवून’ भरा. भरण्याआधी बँकेला ईमेल करा: ही रक्कम मला मान्य नाही, गृहकर्ज अडल्यामुळे हक्क राखून भरतो आहे, परतावा आणि नोंदींची दुरुस्ती यांची तक्रार चालूच राहील. भरणं म्हणजे कबुली, असं बँक म्हणू शकते. हे एक पत्र तेवढ्यासाठी.

भरताना रक्कम वसुलीवाल्याच्या हातात किंवा त्याच्या यूपीआयवर द्यायची नाही. बँकेच्या अ‍ॅपवरून, वेबसाइटवरून किंवा बिल पेमेंटमधून कार्डाच्या खात्यातच भरा. भरण्याआधी ‘आज खाते पूर्ण बंद करण्यासाठी किती’ हा आकडा लेखी मागा, कारण शेवटच्या बिलानंतर चढलेलं व्याज आणि जीएसटी पुढच्या बिलात डोकं वर काढतात. चाळीस-पन्नास रुपयांचं हे शेपूट राहिलं की खाते पुन्हा थकीत. पुढचं बिल शून्याचं आलेलं बघा, मग बंद करण्याची विनंती टाका. ती ईमेल, अ‍ॅप, वेबसाइट, हेल्पलाइन कशावरूनही चालते, ‘पोस्टानेच पाठवा’ असं बँकेला म्हणता येत नाही. नंतर नो ड्यूज पत्र घ्या आणि त्यात ‘सेटलमेंट’ हा शब्द नाही ना, ते तिथल्या तिथे वाचा.

पैसे भरल्यावर ३० दिवसांत बँकेने क्रेडिट कंपन्यांकडची स्थिती बदलायची असते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान पंधरवड्यातून एकदा माहिती पाठवणं सक्तीचं झालं, त्यामुळे पूर्वीसारखे दोन-तीन महिने जाऊ नयेत. त्या नियमात पंधरवडा संपल्यावर सात दिवसांत बँकेने पाठवायची आणि पुढच्या पाच दिवसांत क्रेडिट कंपनीने चढवायची, असं होतं. महिन्याच्या सुरुवातीला भरलंत तर महिनाअखेरीच्या आसपास रिपोर्टवर दिसायला हवं.

तक्रार कशी लिहायची? फोनवर नको. फोनवर ‘देणार नाही’ म्हणालात त्याची बँकेकडे तक्रार म्हणून नोंदच नसण्याची शक्यता जास्त आहे. बँकेच्या वेबसाइटवर तक्रारींच्या पायऱ्या दिलेल्या असतात: कस्टमर केअर, मग नोडल अधिकारी, मग प्रिन्सिपल नोडल अधिकारी. पहिल्या पायरीवर ईमेल करा, तक्रार क्रमांक घ्या, त्यांची मुदत संपली की वर चढवा. मजकूर एका पानात बसवा. कार्डाचे शेवटचे चार अंक, कार्ड कधी मिळालं, वापर शून्य, फी कधी लागली, कोणत्या कागदानुसार लागू नये, मग वर दाखवला तसा ५,४०० चा हिशोब. त्यानंतर मागण्या नेमक्या: फी आणि त्यातून निघालेले सगळे चार्जेस परत घ्या, अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतची डीपीडी दुरुस्त करा, खात्याची स्थिती दुरुस्त करा, अर्जाची, संमतीच्या ओटीपीची आणि थकबाकीच्या सूचनेची प्रत द्या. मानसिक त्रास, वीस वर्षांचा ग्राहक, सोशल मीडियावर टाकीन, हे सगळं गाळा. वाचणाऱ्याला कामाची ओळ सापडायला हवी. वाद चालू असताना थकबाकीची माहिती कळवण्याबाबत बँकेने जपून राहायचं असतं, म्हणून ‘ही रक्कम वादग्रस्त आहे’ हे शब्द पहिल्याच परिच्छेदात असू द्या.

त्याच दिवशी क्रेडिट कंपन्यांच्या वेबसाइटवर ‘डिस्प्यूट’ टाका. रिपोर्टचा कंट्रोल नंबर लागतो. खाते निवडा, कोणता रकाना चुकीचा आहे तो निवडा, कागद जोडा. क्रेडिट कंपनी स्वतःहून काही बदलत नाही, ती बँकेला विचारते आणि बँक जे म्हणेल ते चढवते. मग हा उपद्व्याप कशाला? घड्याळ सुरू करायला. तक्रारीच्या दिवसापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर ३१व्या दिवसापासून दररोज १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेने २१ दिवसांत आपलं काम केलं नसेल तर बँक देते, बँकेने वेळेत केलं आणि क्रेडिट कंपनीने लांबवलं तर ती देते. बँकेने दुरुस्ती नाकारली तर कारण कळवावं लागतं. तेही जपून ठेवा, पुढे लागतं. फक्त एक सावधगिरी: डिस्प्यूट चालू असताना रिपोर्टवर तसा शेरा दिसतो आणि काही गृहकर्ज देणारे तो हटेपर्यंत फाइल हलवत नाहीत. रक्कम भरून, नो ड्यूज घेऊन लगेच कर्ज मिळत असेल तर आधी कर्ज मंजूर करून घ्या आणि डिस्प्यूट नंतर टाका. हा निर्णय कर्ज देणाऱ्या शाखेशी बोलूनच घ्यावा.

भरपाईबद्दल एक गैरसमज खूप फिरतो. ‘सात दिवसांत कार्ड बंद केलं नाही तर रोज ५०० रुपये मिळतात.’ मिळतात, पण खात्यावर काही थकबाकी नसेल तरच. आज तुमच्या कार्डावर ५,४०० दिसतात, म्हणून तो दंड तुम्हाला लागू नाही. बंद करण्याची विनंती शून्य झाल्यावर पुन्हा टाका, तेव्हापासून सात कामाचे दिवस मोजा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटण्यासारखं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत जाऊन उन्हात उभं राहायची गरज नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ऑनलाइन होते, कागदावर पाठवायची तर ती चंदीगडच्या केंद्रात जाते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फी नाही, वकील लागत नाही. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्याही या योजनेत आहेत, म्हणून दोघांविरुद्ध जाता येतं. इथे लोक एक चूक हमखास करतात: ‘मला गृहकर्ज नाकारलं’ अशी तक्रार लिहितात. कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय धरला जातो आणि तक्रार दारातच परत येते. तुमची तक्रार चुकीची फी आणि चुकीची नोंद एवढीच. कर्जाचं नुकसान परिणाम म्हणून एका ओळीत, नकाराच्या पत्रासह जोडा.

लोकपालाकडे जमलं नाही तर सिव्हिल लाइन्समधला जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, बँकेचं मुख्यालय मुंबईत असो की चेन्नईत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही, आयोगात प्रकरण गेलं की लोकपाल ते घेत नाहीत. म्हणून क्रम हाच ठेवा.

गृहकर्जाच्या बाजूने काय करता येईल? पहिलं, घाबरून पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते आणि महिन्यात चार-पाच दिसल्या की माणूस अडचणीत आहे असा अर्थ निघतो. ज्यांनी नाकारलं त्यांना नेमकं कारण विचारा: स्कोअर, स्थिती की थकीत रक्कम? रिझर्व्ह बँकेने किमान स्कोअर असा काही ठरवलेला नाही, प्रत्येक बँकेची आपली रेषा असते आणि ती ओलांडून मंजुरी द्यायचे अधिकारही वर कुणाकडे तरी असतात. शाखेतल्या माणसाला नो ड्यूज, शून्याचं बिल, वापर शून्य दाखवणारी सगळी बिलं आणि तक्रारीची प्रत अशी एक फाइल द्या. फक्त फीमुळे झालेली थकबाकी आणि खर्च करून बुडवलेले पैसे यातला फरक अनुभवी क्रेडिट मॅनेजरला कळतो, पण तो त्याला कागदावर दिसावा लागतो. पगाराचं खाते ज्या बँकेत आहे तिथे हे जास्त सोपं जातं. पत्नीला सहकर्जदार घ्यायचं असेल तर त्यांचाही रिपोर्ट आधी बघून घ्या.

या काळात तुमच्या दोन जुन्या कार्डांना धक्का लावू नका. ‘कार्डच नको’ म्हणून रागात जुनं कार्ड बंद केलं तर एकूण मर्यादा घटते आणि उरलेल्या कार्डावरचा वापर टक्क्यांत वाढलेला दिसतो. वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा. इथे एक बारकावा: पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याचाही वापर जास्त दिसू शकतो, कारण माहिती कळवण्याच्या दिवशी जी रक्कम उभी असते तीच जाते. लाखाच्या मर्यादेवर ८० हजारांचा फ्रिज आणि एसी घेतला असेल, तर देय तारखेची वाट न बघता माहिती कळवण्याच्या दिवसाआधीच पैसे भरून टाका.

सदरच्या कन्सल्टंटबद्दल: ते तुमच्या पॅन आणि ओटीपीने लॉगिन करतात आणि वर सांगितलेला तोच डिस्प्यूट टाकतात, जो तुम्ही दहा मिनिटांत फुकट टाकू शकता. खरी थकबाकी कुणाला पुसता येत नाही. ओटीपी दिलात तर तुमच्या नावाने आणखी काय काय उघडलं जाईल, तो धोका वेगळाच.

वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर यायला नकोत, ऑफिसमधल्या लोकांना किंवा नातेवाइकांना तर नकोतच. तसं झालं तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा आणि त्याच तक्रारीत जोडा. फोनवर ‘हो, भरतो’ असं काही बोलू नका. ‘रक्कम वादग्रस्त आहे, तक्रार क्रमांक अमुक, जे काही असेल ते ईमेलवर पाठवा’ एवढंच.

कार्ड अ‍ॅक्टिव्हेट केल्याची तारीख, फी लागली ते बिल आणि एमआयटीसीचं फीचं पान, खाते क्रमांक झाकून, इथे टाकलंत तर दोनपैकी कोणता रस्ता धरायचा हे मला जास्त नेमकं सांगता येईल. तोवर चारही रिपोर्ट काढून ठेवा.